गावची खोली नकाशातून पुसू नका : आमच्या चाळीच्या पुनर्विकास समितीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सदस्य, पुनर्विकास समिती,
तसेच आमच्या नियोजित सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सर्व सभासद,
काळाचौकी, मुंबई

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यातल्या विशेष सर्वसाधारण सभेत आपण दोन ठराव मंजूर केलेत. पहिला असा की चाळीतल्या तिन्ही बैठकीच्या खोल्यांच्या, म्हणजे एकेका गावच्या माणसांनी वर्गणीतून मिळून धरलेल्या खोल्यांच्या, बदल्यात मिळणारे फ्लॅट भाडेपावतीवर नाव असलेल्या माणसाच्या किंवा त्याच्या वारसांच्या नावे करायचे, आणि गावच्या मंडळाचा त्यावर कसलाही हक्क धरायचा नाही. दुसरा असा की आधीच्या नकाशात तळमजल्यावर दाखवलेलं सभागृह काढून ती जागा जिम आणि वाढीव पार्किंगला द्यायची. दोन्ही ठराव हात वर करून झटपट उरकले. मी बोलायला उभी राहिले तेव्हा वेळ संपल्याचं सांगण्यात आलं. म्हणून हे पत्र.

उघडपणे लिहायचं कारण, हा प्रश्न आपल्या एका चाळीपुरता नाही. लालबाग, चिंचपोकळी, डिलाईल रोड, वरळी, नायगाव, शिवडी, जिथे जिथे गिरणी कामगार राहिला तिथे तिथे गावोगावच्या बैठकीच्या खोल्या होत्या. काही अजून आहेत. पुनर्विकासाच्या कागदांत त्यांच्यासाठी वेगळा रकानाच नसतो, त्यामुळे त्या गेल्या तरी कुठे नोंद होत नाही. आपल्याकडे जे घडतंय ते पुढच्या चाळीत आणि त्याच्या पुढच्या चाळीत घडणार आहे.

यात माझं स्वतःचं काही बुडत नाही, हेही आधीच सांगते. माझी खोली माझ्या नावावर आहे, पावत्या सलग आहेत, पात्रता यादीत नाव आहे. सभागृह राहिलं काय, गेलं काय, माझ्या फ्लॅटचं क्षेत्रफळ तेवढंच राहणार. तरी मला गप्प बसवत नाही, कारण मी आणि माझी भावंडं या खोल्यांच्या आधारावर वाढलो. वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात, होते. छातीच्या आजारानं ते लवकर गेले आणि आईनं आमच्या राहत्या खोलीतच खानावळ सुरू केली. तिचे गिऱ्हाईक कोण? संगमेश्वरच्या खोलीतले, पाटणच्या खोलीतले आणि आजऱ्याच्या खोलीतले लोक. समितीतल्या तुमच्यापैकी दोघा-तिघांना तर मी त्या खानावळीत मांडीवर घेऊन भरवलंय. तेव्हा हे पत्र परक्या माणसाचं समजू नका.

चाळीत आता बरेच सभासद नवीन आहेत. काहींनी खोल्या पागडीनं घेतल्यात, काहींची पुढची पिढी आहे. बैठकीची खोली म्हणजे 'पाच-सहा पोरं राहतात ती खोली' एवढंच त्यांना दिसतं. त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगावं लागेल.

ताडदेवची पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली आणि पुढच्या काही दशकांत कोकणातून, घाटावरून माणसांचा लोंढा मुंबईत आला. बायका-मुलं गावी, शेतीही गावी, आणि इथे पुरुष एकटा. त्याला ना घर परवडणार, ना कुणी देणार. मग एका गावच्या माणसांनी वर्गणी काढून एक खोली धरायची. दहा बाय बाराची खोली, तिच्यावर वीस-पंचवीस माणसांची नावं. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या म्हणून हे जमायचं. रात्रपाळीचा दिवसा झोपायचा, पहिल्या पाळीचा रात्री. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. उन्हाळ्यात गॅलरी, गच्ची, फुटपाथ. दारू पिऊन आत यायचं नाही, शनिवारी भजन चुकवायचं नाही, आणि कुणी नवा पोरगा गावाहून आला तर त्याला नोकरी लागेपर्यंत वर्गणी मागायची नाही.

आजऱ्याच्या खोलीची जुनी वही मी पाहिली आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. डावीकडे नाव, मग पाळी, मग वर्गणी आणि शेवटी शेरा. तो शेऱ्याचा रकाना मी एकदा दुपारभर वाचत बसले होते. 'आजारी, माफ.' 'पेरणीला गावी, अर्धी घ्यावी.' 'नोकरी सुटली, लागेपर्यंत थांबू.' 'मुलीचं लग्न, खोलीतर्फे भांडी.' एका ठिकाणी 'मयत, ट्रंक घरी पोच केली' आणि खाली पोच करणाऱ्याची सही. एका ठिकाणी 'हिशेब दिला नाही म्हणून खोलीतून कमी केले' असंही आहे. कुणाला किती जमतं ते बघून घ्यायचं आणि कुणाला किती लागतं ते बघून द्यायचं, असा व्यवहार चौथी-पाचवी शिकलेल्या माणसांनी कित्येक वर्षं लेखी ठेवला. आपण आता जी सहकारी संस्था नोंदवायला निघालो आहोत, ती या चाळीत पहिली नाही.

गावाकडे काय झालं तेही बघा. या खोल्यांतूनच 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई' उभी राहिली. शाळेची खोली, देवळाचा सभामंडप, नळपाणी योजनेतला लोकवाटा, यांच्या पावत्या मुंबईत फाटलेल्या आहेत. आणि मुंबईत चाकरमान्याला काही झालं तर मयत गावी न्यायचा खर्च खोलीनं करायचा, ही तर न लिहिलेली अट होती.

खानावळीचं गणितही याच विश्वासावर चालायचं. महिनाभर जेवायचं आणि पगाराला पैसे द्यायचे. गावी गेलेल्याचे, आजारी पडलेल्याचे खाडे वजा करायचे. खाड्यांचा हिशेब आई भिंतीवर खडूनं रेघा मारून ठेवायची, तिला लिहिता येत नव्हतं. महिनाअखेर कधी वाद झाला नाही असं नाही, पण वाद खोलीतली वडीलधारी माणसं मिटवायची आणि तो तिथेच संपायचा. किराणावाल्याची उधारी मात्र आईच्या डोक्यावर असायची, आणि त्याचं व्याज कंबर मोडायचं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे या बायका सावकाराच्या तावडीतून सुटायला लागल्या. तारण ठेवायला कुणाकडे काही नव्हतं. एकीसाठी दुसरीनं उभं राहायचं, एवढंच तारण.

मग १८ जानेवारी १९८२. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. आपल्या घराघरांत त्या संपाच्या गोष्टी आहेत, मी फक्त खोल्यांपुरतं बोलते. पहिल्या दोन महिन्यांत आईची उधारी एवढी चढली की दुसऱ्या कुणी चूल विझवली असती. बैठकीतले निम्मे लोक गावी गेले होते, आणि गावी जाऊन ते आईला विसरले नाहीत. एसटीच्या टपावरून परळ डेपोत पोती उतरायची. आजऱ्याहून तांदूळ, पाटणहून ज्वारी, संगमेश्वरहून नाचणी आणि कुळीथ. पोत्यावर खोलीचं नाव आणि खाली 'खानावळीसाठी'. त्या धान्यावर संपकरी जेवले, आणि आम्हीही जेवलो. संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. कित्येक जण गिरणीत परत गेले नाहीत, पण दरवर्षी कुणी ना कुणी येऊन आईची बाकी चुकती करून जायचा. शेवटची बाकी एकाच्या मुलानं आणून दिली, बाप गेल्यावर.

आता माझ्या तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार मालकीची. भाडेपावतीवर एकाचं नाव आहे, म्हणून खोली त्या एकाची, असं तुम्ही धरलंत. ते नाव तिथे का आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. चाळमालक गावाच्या नावे पावती फाडायला तयार नव्हता, त्याला एक माणूस हवा होता. गावानं आपल्यातला भरवशाचा माणूस पुढे केला. पागडी वर्गणीतून दिली. भाडं वर्गणीतून गेलं. मोरीची फरशी, वीजमीटर, छताची गळती, म्हाडाचा दुरुस्ती उपकर, सगळं वर्गणीतून. ज्यांच्या नावे पावती ते आजोबा कधीचे वारले. त्यांच्या नातवंडांपैकी काहींनी ही खोली पाहिलेलीसुद्धा नाही. आज त्या जागी मिळणाऱ्या फ्लॅटची किंमत कोटीत गेल्यावर त्यांना वारसा आठवला, यात त्यांच्यावर माझा राग नाही. कोटीची रक्कम कुणालाही भुरळ घालते. राग आहे तो आपण सभासदांनी, ज्यांना खरं काय ते माहीत आहे, हात वर केल्याचा.

तीनपैकी दोन खोल्यांचे वारस तर उलट लेखी द्यायला तयार आहेत की खोली गावची आहे आणि फ्लॅटही गावच्या मंडळाकडे जावा. त्यांनी समितीला पत्रं दिली. ती पत्रं सभेत वाचलीसुद्धा गेली नाहीत. भांडण एकाच खोलीचं आहे, मग तिघांना एकाच ठरावात का गुंडाळलंत?

कायदा आडवा येतो, असं मला खासगीत सांगितलं गेलं. कुठला कायदा, हे कुणी सांगितलं नाही. पात्रता भाडेकरूची ठरते, हे मला मान्य आहे. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम २२ काढून वाचा. व्यक्तीखेरीज १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था आणि सार्वजनिक न्यासही सभासद होऊ शकतात, असं त्यात आहे. आपल्याकडची दोन मंडळं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहेत, त्यांचे हिशेब दरवर्षी तपासले जातात. पात्र भाडेकरूच आपला हक्क मंडळाकडे द्यायला राजी असेल तर वकिलाला विचारून रस्ता काढता येतो. तुमच्या ठरावानं विचारायच्या आधीच दार लावून घेतलंय.

गावाच्या नावे शहरात जागा असणं ही काही अशक्य गोष्ट नाही. धोबीतलावला जेर महालात, माझगावात, डाबूळला गोवेकरांचे क्लब आहेत, त्यांना ते कूड म्हणतात. एका गावचा एक कूड. बोटीवर जाणारा खलाशी बोट मिळेपर्यंत तिथे राहतो, संध्याकाळी सगळे मिळून प्रार्थना करतात, नियम आपल्या बैठकीसारखेच कडक. आणि सहकारी गृहनिर्माणाबद्दल बोलायचं तर १९१५ साली गावदेवीत रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानं सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, तेव्हा मध्ये कुणी विकासक नव्हता. माणसांनी एकत्र येऊन घरं बांधली. या शहराला ही गोष्ट शंभर वर्षांपासून माहीत आहे.

दुसरी तक्रार सभागृहाची. आज आपल्याकडे सभागृह नाही, पण गॅलरी आहे, चौक आहे, गच्ची आहे. बारसं, साखरपुडा, हळद, गणपती, बायकांची भिशी, मुलांचा अभ्यास, सगळं तिथे होतं. टॉवरमध्ये यातलं काहीच राहणार नाही. लिफ्ट, लॉबी आणि बंद दारं. बाविसाव्या मजल्यावर कुणी वारलं तर माणसांनी बसायचं कुठे? लिफ्टसमोरच्या चार फुटांत? तेराव्याचं जेवण कुठे वाढायचं? आणि हे कधीतरी येणारे प्रसंग सोडा, पन्नास-साठ वर्षं एकमेकींच्या दारात बसून तांदूळ निवडणाऱ्या बायका दुपारी कुठे बसणार? झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांतसुद्धा बालवाडी आणि समाजकल्याण केंद्र धरलेलं असतं, कारण तिथल्या माणसांना ते लागतं हे सरकारला पटलेलं आहे. आपल्याला लागत नाही असं आपणच का ठरवलं? आधीच्या नकाशात सभागृह होतं. ते काढा असं कुणी सुचवलं, त्या बदल्यात कुणाला काय मिळालं, हे इतिवृत्तात नाही. मी कुणावर आरोप करत नाही. लेखी उत्तर मागते आहे.

एकदा शब्द बदलून जागा गेली की परत येत नाही, हे गिरणगावाला तरी कुणी शिकवायला नको. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते, एक महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियमातली भाषा बदलली आणि वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे करायचे झाले. मैदानं आणि कामगारांची घरं केवढ्याशा जमिनीवर आली ते आपण खिडकीतून रोज बघतो. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल कायम केला. आपला ठरावही तसाच दोन ओळींचा आहे.

तिसरी तक्रार कॉर्पसची, म्हणजे इमारतीच्या पुढच्या देखभालीसाठी मिळणाऱ्या एकरकमी निधीची, आणि ती म्हाताऱ्यांची आहे. विकासकाकडून मिळणारा कॉर्पस घरटी वाटून टाकायचा असं तुमच्या मनात आहे. पैसा हातात आला की छान वाटतं, मला कळतं. पण टॉवरचा मेंटेनन्स महिन्याला हजारांत येणार. लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक, आग विझवायची यंत्रणा, सगळ्याचा खर्च आहे. आपल्या चाळीत गिरणीच्या पेन्शनवर जगणाऱ्या विधवा आहेत. त्यांना लागू असलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेतली किमान पेन्शन महिना हजार रुपये आहे. वाटलेला कॉर्पस मुलांच्या गरजांत दोन वर्षांत संपेल, मग थकबाकी, मग नोटीस, मग फ्लॅट विकून बदलापूर नाहीतर विरार. दहा वर्षांनी त्या इमारतीत आपल्यापैकी किती जण उरलेले असतील? ज्यांच्यासाठी पुनर्विकास केला तेच तिथे नसतील, तर तो कुणाचा विकास झाला ते आपणच सांगा.

चौथी लहान आहे पण टोचते. नव्या इमारतीच्या मसुदा नियमांत 'बाहेरच्या' माणसाला आठ दिवसांपेक्षा जास्त ठेवायचं तर समितीची लेखी परवानगी लागणार. आपल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर टाटा हॉस्पिटल आहे, केईएम आहे, वाडिया आहे. गावाहून पेशंट येतो तो आठ दिवसांसाठी येत नाही. केमोचे डोस महिनोन् महिने चालतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखे आसरे आहेत, पण येणारी माणसं किती आणि जागा किती? बाकीची टाटाच्या बाहेर फुटपाथवर प्लास्टिक अंथरून असतात. आपल्या बैठकीच्या खोल्यांनी आज हेच काम अंगावर घेतलंय. पाटणच्या खोलीत गेल्या पावसाळ्यात एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा आणि त्याचा बाप राहत होते. मुलाचे केस गेलेले, तोंडात फोड, त्याला तिखट चालायचं नाही. मजल्यावरच्या बायकांनी पाळी लावून घेतली. सोमवारी हिच्याकडून मऊ भात, मंगळवारी तिच्याकडून मुगाची पेज. कुणी बैठक बोलावली नाही, कुणी फलकावर लिहिलं नाही. बाप दिवसा नाक्यावर मिळेल ते काम करायचा, तेव्हा मुलाजवळ खोलीतला पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा पुस्तक घेऊन बसायचा. या मुलाला नव्या इमारतीत आपण 'बाहेरचा' म्हणणार आहोत.

आणि २०२० च्या टाळेबंदीत कोण धावलं होतं? आपल्यातले बहुतेक जण दारं लावून बसलो होतो, आणि त्यात काही चूक नव्हती, भीतीच तशी होती. बैठकीतली पोरं अडकून पडली होती. त्यांनी तिन्ही मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांची औषधांची यादी केली, रेशनच्या रांगा लावल्या, सार्वजनिक संडास दिवसातून दोनदा फिनेलनं धुतले. त्यांचं जेवण आपण केलं. तो व्यवहार कुणी कागदावर केला नव्हता, पण सगळ्यांनी पाळला.

या खोल्यांची मी आंधळी भलामण करत नाही. त्या गावच्या होत्या म्हणजे बहुतेक वेळा गावातल्या एका जातीच्या होत्या. दलित कामगाराची खोली वेगळी, बऱ्याचदा चाळही वेगळी. गिरणीत तर तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागतो म्हणून साचेखात्यात त्याला घेतच नव्हते. गावकी शहरात आली ती आपले भेद घेऊनच आली. आणि बाईला या खोलीत जागा नव्हती. आईनं आयुष्यभर त्यांना जेवू घातलं, पण त्यांच्या बैठकीत ती कधी बसली नाही, तिला कुणी बसवलंही नाही. म्हणून मी जुनी खोली जशीच्या तशी मागत नाही. गावातल्या कुणालाही, कुठल्याही जातीच्या माणसाला आणि बाईमाणसालाही राहता येईल अशी खोली मागते आहे. आज गावाहून मुलीही भरतीला येतात, नर्सिंगला येतात, नायगावच्या मैदानावर पहाटे धावायला हजर राहायचं असतं. त्यांनी रात्र कुठे काढायची? दोन मंडळांशी मी याबाबत बोलले आहे. एकानं लगेच मान डोलावली, दुसऱ्याशी अजून बोलणं चालू आहे. मंडळाला सभासदत्व देताना संस्था ही अट घालू शकते, आणि तिनं घालावी.

सुरक्षिततेचा मुद्दा काही सभासदांनी मांडला, तोही टाळत नाही. कोण येतं, कोण जातं हे कळलं पाहिजे, बरोबर आहे. बैठकीइतकी काटेकोर नोंद आपल्यापैकी कुठल्या घरात ठेवली जाते? राहणाऱ्याचं नाव, गाव, कुणाच्या ओळखीनं आला, कधी गेला, सगळं वहीत असतं. तीच वही संस्थेच्या कार्यालयात दर महिन्याला दाखवावी, एवढं सांगितलं तर मंडळं आनंदानं करतील.

माझ्या मागण्या अशा.

दोन्ही ठराव स्थगित करा आणि नवी विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. वारसांची पत्रं आणि मंडळांची निवेदनं त्या सभेत पूर्ण वाचली जावीत, आणि मतदान गुप्त पद्धतीनं व्हावं. शेजाऱ्यासमोर हात वर करायला लाजणारे बरेच जण मला नंतर जिन्यात भेटले.

ज्या दोन खोल्यांचे वारस राजी आहेत त्यांचे फ्लॅट ग्रामस्थ मंडळांच्या नावे व्हावेत यासाठी समितीनं स्वतः वकिलाचं लेखी मत घ्यावं आणि ते सूचना फलकावर लावावं. वकिलाच्या फीसाठी वर्गणी लागली तर पहिली पावती माझ्या नावानं फाडा. तिसऱ्या खोलीबाबत वारस आणि गाव यांना समोरासमोर बसवा. ते जमेपर्यंत संस्थेनं कुणाच्याही बाजूनं ठराव करू नये.

सभागृह नकाशात परत घ्या. मोठं नको. दीड-दोनशे माणसं बसतील, मागे एक मोरी आणि चुलीची जागा असेल, तेवढं पुरे. ते तळमजल्यावरच हवं, म्हणजे म्हाताऱ्यांना आणि मयताला लिफ्टची वाट बघावी लागणार नाही. जिमला माझा विरोध नाही, सकाळी त्याच सभागृहात पोरांनी व्यायाम करावा.

कॉर्पस वाटू नका. तो संस्थेच्या नावे मुदत ठेवीत ठेवा आणि व्याजातून सगळ्यांचा मेंटेनन्स कमी करा. त्यातला ठरावीक हिस्सा, किती ते सभेनं ठरवावं, ज्यांना महिना भागवणं कठीण आहे त्यांच्यासाठी बाजूला काढा. कुणाला मदत मिळाली ते फलकावर लावू नका, हिशेब मात्र लावा.

आठ दिवसांचा नियम रुग्ण, त्याच्यासोबतचा माणूस आणि परीक्षा-भरतीला आलेली मुलं यांना लागू करू नका.

संक्रमण शिबिरात जाताना आणि परत येताना ज्या शेजाऱ्यांना एका मजल्यावर राहायचंय त्यांना सोडतीत गटानं अर्ज करू द्या. ज्यांना नको त्यांच्यावर सक्ती नाही. मजल्यावरच्या दोन म्हाताऱ्या आज एकमेकींच्या दारावर रोज सकाळी टकटक करतात, उठलीस का म्हणून. त्यांना वेगवेगळ्या विंगमध्ये टाकू नका.

या पत्राची प्रत मी तिन्ही ग्रामस्थ मंडळांना, गिरणगावातल्या ओळखीच्या चाळ समित्यांना आणि प्रत्येक सभासदाच्या दारात देते आहे. गृहनिर्माणाचे नियम करणाऱ्यांपर्यंतही ते पोचावं अशी इच्छा आहे. भाडेपावतीमागे अख्खं गाव असू शकतं, याची तरतूद त्यांच्या पात्रता यादीत कुठेच नाही, आणि ती केल्याशिवाय बाकीच्या चाळींतल्या खोल्या वाचणार नाहीत.

विकासकाशी करारनामा नोंदवायच्या आधी सभा लावा. नोंदणी झाल्यावर मग चर्चा करून काही उपयोग नाही, हे आपण सगळेच जाणतो. समितीचं लेखी उत्तर पंधरा दिवसांत फलकावर लागावं. नाही लागलं तर सभासदांच्या सह्यांचं मागणीपत्र देऊन सभा बोलावण्याचा अधिकार आम्ही वापरू. सह्या गोळा करायला मी आणि खालच्या मजल्यावरच्या बायका रविवारपासून सुरुवात करतो आहोत. ज्यांना सही करायची आहे त्यांनी संध्याकाळी सातनंतर माझ्या खोलीवर यावं.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची एक भाडेकरू, नियोजित संस्थेची सभासद